कमलाबाईंचं कडं

पॉवर हाऊस स्टेशनावर चरोद्याची लोकल उशिरा होती. लोकलची वाट पाहणाऱ्या अनुजाच्या शेजारी बाकावर कमलाबाई आणि त्यांची सून आमू बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर लहानगी होती. सुनेनं पुडीतून चांदीचं जाड कडं काढलं.

"पाहा नं आई, तुमचं कडं कसं चमकून राहिलं!"

"दे इकडे. आमू, याच्यावरचे खड्डे कुठं गेले?"

"सोनारानं ठोकून बुजवून देल्ले. मीच सांगतलं त्याले."

"कावून सांगतलं वो? खड्डे नव्हते ते. तुह्या नवऱ्याचे दात होते."

"काय?"

"दात येत होते तवा लय रडे प्रफुल. मी हातातलं कडं काढून देऊ, अन् तो चावत बसे. तीस वर्षं रोज बोट फिरवलं मी त्याच्यावर."

"मले काय माहीत, आई! मले वाटलं, जुनं हाय म्हणून दबलं. आता काय करू?"

"पोरीले दात आले का?"

"खालचे दोन."

"पाणी दे बाटलीतलं."

कमलाबाईंनी कडं धुतलं, पदरानं पुसलं.

"आई, आत्ताच पॉलिश केलं ते!"

"राहू दे."

लोकल आली. सुनेच्या कडेवर बसून पोर डब्यात चढली, तेव्हा कडं तिच्या दोन्ही मुठींत होतं, आणि तोंडात.