बुरशी काढलेली कॅसेट

—नाय नाय, उठू नका मावशी, कॅसेट तयार हाय, हातात घेऊनच जायचंय तुमाला, पण एवढ्या नवापूरवरनं आलात तर काम काय केलंय ते ऐकून तरी जा. बोयसरात व्हिडिओवाले ढीगभर हायत, लग्नं कॅसेटवर भरतात, बारशी भरतात, पण जुन्या पिक्चरला हात लावायची अक्कल कुणाला हाय? मला हाय. कारखान्यात दिवसभर मीटर दुरुस्त करतो, नजर बसलीय माझी. नलू, चहा टाक गं, नवापूरच्या तानीमावशी आल्यात — साखर चालते ना तुमाला? चालते.

तर तुमच्या रामूनं कॅसेट आणून दिली तेव्हा काय दशा होती तिची? बुरशी. खारी हवा, त्यात तुमी ठेवलेली फडताळात, सुक्या बोंबलाच्या डब्याशेजारी — रामूनंच सांगितलं, मी कशाला खोटं बोलू. टीव्हीची सोय होईपर्यंत सगळ्या टेपवर पांढरी पिठी धरली. तशीच लावली असती तर व्हीसीआर कायमचा बसला असता. मग मी काय केलं, स्पिरिट घेतलं, कापूस घेतला आणि अडीचशे मीटर टेप हातानं पुसली. चार रविवार गेले, नलूनं बोलणं टाकलं माझ्याशी. पण पिक्चर कुठला? छप्पन सालचा, आपल्या नवापूरच्या किनाऱ्यावर काढलेला, दुकानात मागून मिळायचा नाय. टीव्हीवर एकदा लागला तेव्हा रामूनं मुंबईला शेटकडे भरून घेतला, तेवढाच काय तो. मग ह्याला माणसासारखा नको करायला?

काय? माहीत हाय मला, संध्याकाळी आळी जमणार, रामू भाड्यानं टीव्ही नेणार. तुमची जाऊ रखमाबाय पण येणार? पस्तीस वर्षं ती तुमाला खोटारडी म्हणत आली, तिला दाखवायचंय — हां, दाखवा की, सांगा मग, पण आधी माझं पुरं होऊ द्या, नायतर मी विसरतो.

तर बुरशी गेली, पण नुसती बुरशी काढून काय होतंय, पिक्चरमधेच चुका. मधेच टीव्हीवाल्यांची 'व्यत्यय'ची पाटी — उडवली. गाण्यात रेघा यायच्या — कडवंच उडवलं, कुणाला कळत नाय. हिरोचा बाप मरताना फार खोकतो, अर्धा खोकला काढला, आता सुखानं मरतो. दोन व्हीसीआर जोडायचे, एकावर चालवायचं, दुसऱ्यावर भरायचं, नको तिथं बटण दाबायचं, एवढंच. पण कुठं दाबायचं हे ज्याला कळलं तो खरा. पिक्चर काढणारे चांगलेच होते हो, घाईत होते एवढंच.

आणि सगळ्यात मोठी चूक कुठली सांगू? किनाऱ्यावर. हिरॉईन रडत चाललीय, आणि मागून एक कोळ्याची पोरगी येते, डोक्यावर टोपली — चालता चालता थांबते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. बघते ती बघतेच. वर हसते. तिला कुणी सांगितलं होतं हसायला? तिकडे हिरॉईनचा जीव चाललाय आणि माणसाचं लक्ष हिच्यावर. मी वीसदा बघितला तो तुकडा, वीसही वेळा हिच्याकडेच बघत बसलो — म्हणजे चूकच ना ती? काढली. सतरा सेकंद. तिथं शिरगावचा समुद्र घातला, आमच्या मेव्हण्याच्या लग्नात भरलेला, रंग काढून. जोड शोधून दाखवावा कुणी.

मावशी? काय झालं? पाणी देऊ?

काय म्हणता. तुमी? ती टोपलीवाली तुमी? — नाय हो, ती किती सडपातळ — म्हणजे तुमीपण असाल तेव्हा, तसं नाय म्हणत मी. आणि रखमाबायला हेच दाखवायचं होतं? मग आधी नाय का सांगायचं? ... हां. सांगत होता तुमी.

घाबरू नका, हे बघा, तो तुकडा परत घालू. तुमची मूळ कॅसेट घ्यायची, आणि — मूळ कॅसेट. मावशी, ही तीच हाय. नवा पिक्चर मी तिच्यावरच भरला, वरनं. म्हटलं म्हातारीला दुसरी कॅसेट कशाला सांभाळायला, हिलाच चांगली करून देऊ, आपल्याकडनं भेट. रामूनं कडेची खिटी तोडून ठेवलेली, चुकून कुणी वरनं भरू नये म्हणून. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. मोठ्या हुशारीनं लावली. माझ्याकडची? माझ्याकडची पण दुरुस्त केलेलीच, तिच्यावरनंच तर ही भरली.

बसा, लावतो, कदाचित जोडात तुमी थोड्या राहिल्या असाल — हा किनारा. ही हिरॉईन. आता बघा ... समुद्र. नाय राहिलात. चांगलं काम केलंय मी, मावशी, कुठं म्हणून धागा सोडला नाय. टीव्हीच्या काचेला बोट नका लावू, डाग पडतो — इथं? नाय, जरा डावीकडं. आणि वर. हां, तिथंच. तिथं टोपली यायची, मग तुमी थांबायचात. मला पाठ हाय.

मी येतो संध्याकाळी. येतोच. रखमाबायला सांगतो, मी बघितलंय, एकदा नाय, वीसदा बघितलंय. रामू तुमचा पोर, त्याचं ती धरायची नाय, पण मी तर परका ना? — तेही खरं. म्हणेल, तुमीच पढवून आणलंय मला. मीही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

जाताय? चहा तरी — मावशी, कॅसेट राहिली. मावशी.

नलू, चहा नको आणू. गेल्या त्या. आणि फडकं आण जरा, काचेवर बोट उमटलंय — थांब. नको आणू. राहू दे तिथंच.