टुक करून थांबणारा पंखा

...नाही पण मला सांगा, पंख्यानं करायचं काय असतं? फिरायचं! दुसरं काही काम आहे का त्याला? आणि आमचा पंखा काय करतो, तर बटण दाबलं की टुक! बोटभर हलतो आणि थांबतो. परत दाबलं, परत टुक! रस्त्यात नको असलेला ओळखीचा माणूस दिसला की आपण नुसती मान हलवून पुढं सटकतो ना, अगदी तसा!

आता तुम्ही म्हणाल, इंद्रजीत, अरे वाळूजला कंपनीत मशीनवर उभा राहणारा माणूस तू, तुला कुणी सांगितलं होतं घरी कॉम्प्युटर जोडायला? कुणीच नाही! तीच तर बोंब आहे. बायको, रूपा, सरळ म्हणत होती, "अहो, दुकानातून तयार घेऊ." कारण तिला काम मिळायच्या बेतात होतं... पुण्याची एक पार्टी, लोकांच्या किचनचे, कपाटांचे थ्रीडी नकाशे काढून द्यायचे, तेही घरबसल्या! लग्नाआधी शिकलेली विद्या तिची, इतकी वर्षं घडी घालून ठेवलेली. रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉलवर परीक्षा, त्यांच्यासमोर नकाशा काढून दाखवायचा. आणि तिचा जुना लॅपटॉप थ्रीडीचं नाव काढलं की गपगार! तर मी काय म्हणालो? "दुकान कशाला? पार्ट आणतो, घरीच जोडतो, मी व्हिडिओ बघितलाय!" त्या व्हिडिओतला माणूस चहा पीत पीत जोडतो हो! बटण दाबतो, सगळे पंखे भर्रकन... त्याचा एकही पंखा टुक करत नाही!

तर रविवारी सकाळपासून आमच्या बजाजनगरच्या खोलीत चादर अंथरून बसलो. बोर्ड बसवला, पॉवर सप्लाय बसवला, पंखे लावले, लॅपटॉपमधली रूपाची डिस्क काढून यात घातली, म्हणजे तिचं सगळं तयार. जेवायला हाक आली, गेलो, परत येऊन बघतो तर कॅबिनेटला झाकण लावलेलं! सासूबाई, द्वारकाबाई, लेकीची परीक्षा म्हणून गंगापूरहून जीपनं आलेल्या, त्या म्हणाल्या, "उघडंच पडलं व्हतं जावईबापू, म्हून झाकून ठिवलं." मी म्हणालो, "मामी, लई बेस केलं!" माझ्याच तोंडानं म्हणालो हो! वर स्क्रू पण आवळले. उभं केलं, बटण दाबलं... टुक!

मागचा खटका बघितला, चालू. दुसऱ्या बोर्डात पिन लावली, टुक. फ्रिज बंद करून त्याच्या स्टॅबिलायझरवर लावलं... दूध नासायची पाळी आली, पण हा टुकच! व्हिडिओत असं काही नव्हतं हो!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा मोतीराम खाली आला. बिघाडाचा वास येतो त्याला. कमरेवर हात ठेवून म्हणतो, "कंडेन्सर गेला." अरे बाबा, छताचा पंखा वेगळा, हा वेगळा, याला कंडेन्सर नसतो! "पंखा हाय ना? मंग कंडेन्सर हाय! खराट्याची काडी आण, एक ढोसणी दिली का फिरतोय बघ!" आणि मी येडा, दिली काडी! नव्याकोऱ्या कॉम्प्युटरच्या पाठीतून जाळीतनं काडी घातली त्यानं! कडकन मोडली. अर्धी काडी त्याच्या हातात, अर्धी आत!

मग दुकानदाराला फोन लावला. तो आपला निवांत, "भाई, सप्लाई तो नवीकोरी है, तुमनेच कुछ उल्टा करे होंगे. मंगल को लेके आओ, देखते." म्हटलं, अहो, चारला परीक्षा आहे! "हौ? तो फिर दुवा करो भाई." ठेवला फोन! व्हिडिओत दुवा नव्हती हो!

आणि रूपा... केस विंचरून, चांगला ड्रेस घालून दारात उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं, तुम्हाला सांगतो. ती नुसती म्हणाली, "राहू द्या. पुढच्या वेळी बघू, असं सांगते त्यांना." पुढची वेळ येते का हो? मला लाज वाटली. तिचं काम माझ्या मिजाशीपायी चाललं होतं.

म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते! स्क्रू काढले, कॅबिनेट आडवं केलं तर आत खुळखुळ! गेला, म्हटलं, पॉवर सप्लाय आतून फुटला! झाकण उचललं... आणि चादरीवर भरभर काय पडलं असेल? गहू! गहू हो! कॉम्प्युटरमधून गहू! पंख्याच्या पात्यात सुपारी अडकलेली, बोर्डावर हळकुंड, कोपऱ्यात खारीक, बदाम आणि मोतीरामची अर्धी काडी! मोतीरामनं सुपारी चिमटीत धरून विचारलं, "ह्यो कंडेन्सर का रं?"

"मामी, हे काय?"

"ओटी भरली तिची."

"कुणाची?"

"हिची!" कॉम्प्युटरकडं बोट! "माझ्या लेकीच्या हाताला काम द्यायला आली ना घरात? पहिल्यांदा आली, आन् कोरडीच बसवायची का तिला?"

मी रागानं तोंड उघडलं होतं, पण रूपानं आईचा हात घट्ट धरला, आणि मी सरळ खाली बसलो.

एकेक दाणा वेचला, काडी काढली, बटण दाबलं. पंखा फिरला! मोतीरामनं टाळी वाजवायला हात उचलले... आणि परत सगळं बंद! पॉवर सप्लायच मधेच बंद पडायला लागला. चार वाजत आलेले! व्हिडिओत... जाऊ द्या तो व्हिडिओ! आणि सासूबाई खाली मांडी घालून पदरातलं निवांत मोजतात, "हळकुंड आलं, सुपारी आली, खारीक आली, बदाम आला... रुपया कुठंय?"

"रुपया?!"

"मंग? बिनरुपयाची ओटी असती व्हय?"

बोर्डाच्या मागच्या फटीत सापडला! उभा, घट्ट अडकलेला, बोर्डाला चिकटून शॉर्ट करत! पॉवर सप्लाय बिचारा स्वतःचा जीव वाचवायला बंद पडत होता, आणि मी दुपारपासून त्याच्याच आईबापाचा उद्धार करत होतो. रुपया उपसला, बटण दाबलं... भर्रर्र! सगळे पंखे! पडदा उजळला! रूपा खुर्चीत, कॉल सुरू!

आणि काय नकाशा काढला हो तिनं! ओटा, कपाटं, खिडकीतनं येणारं ऊन सुद्धा! पुण्याचे साहेब खूश, काम पक्कं केलं, वर विचारतात, "मॅडम, मशीन जबरदस्त आहे, कुठून घेतली?" रूपा म्हणाली, "आमच्या ह्यांनी घरी जोडली." काय सांगू, छाती अशी फुगली! कॉलर नीट करून मी कॅमेऱ्यासमोर सरकतोय, तोच सासूबाई पुढं! "जोडली जावयानं, पर चालू म्या केली!" साहेबांनी हात जोडले, "वा, आजी, वा!"

रुपयाची आठवण त्यांनीच काढली ना? घातला कुणी, ते कोण विचारतंय! आणि कॉल संपल्यावर चादरीकडं बघून मलाच म्हणतात, "जावईबापू, ओटीचा गहू हाय, टाकायचा नसतो. रूपाला आता काम लागलंय."

झालं! परीक्षा रूपा पास झाली, मशीन सासूबाईंनी चालू केली... आणि गहू निवडायला मी!