घरच्या घरी केस

आणि वर मलाच म्हणतात, आधी नीट सांगायचं नाही का! अहो, सांगितलं होतं... ज्यानं विचारलं त्याला सांगितलं होतं, दातात स्क्रू धरून सांगितलं होतं, की बाबा रे, मी घरी केस करतोय. आता 'केस' या एका शब्दाचा प्रत्येक जण आपापल्या सोयीनं अर्थ लावणार असेल, तर त्यात माझी काय चूक? तुम्हीच सांगा.

कॉम्प्युटरची केस हो! म्हणजे ते बाहेरचं खोकं, ज्यात सगळं आतलं सामान बसवतात ते. आमच्या हिचा कॉम्प्युटर. ही घरांचे, दुकानांचे नकाशे काढते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात काढायची, आता नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलंय, आणि पहिलंच काम मिळालं ते एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं. सोमवारी दुपारपर्यंत नकाशे पाठवायचे. ते आवडले तर पुढं त्याच्या भावाचंही काम मिळणार. म्हणजे बघा, सगळी मदार त्या कॉम्प्युटरवर. आणि तो कॉम्प्युटर घरघरायचा. पत्र्याची जुनी केस, आतला पंखा फिरला की अख्खी थरथरायची. तर एक दिवस ही नुसतं म्हणाली, "याचा आवाज जरा कमी करता येईल का रे?"

झालं. एवढंच म्हणाली. दुसरा कुणी असता तर त्यानं आतली धूळ झटकली असती, खाली एखादं फडकं घडी करून घातलं असतं आणि चहा प्यायला असता. पण मी काय साधा माणूस आहे का? मी फोनवर व्हिडिओ बघितला. त्यात एक दाढीवाला होता. मागं मंद संगीत, पुढं गुळगुळीत लाकूड, आणि तो दाढीवाला काही न बोलता, घाम न येता, कपड्यावर भुशाचा कण पडू न देता, लाकडाची अशी देखणी केस करतो की बघत राहावं. मी म्हटलं, हे एवढंच? साधी केस आहे, त्यात काय!

शनिवारी सकाळी ही दवाखान्याची मापं घ्यायला बाहेर पडली, आणि मी जेवणाच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर उघडला. सरप्राइज द्यायचं होतं हो! आमच्या आईला... आई आमच्याकडेच असते... तिला म्हटलं, आई, इथं भुसा उडणार, तू जरा गॅलरीत बस. ती म्हणाली, "तू करणार आहेस? मग मी खाली बागेतच जाऊन बसते." बघा विश्वास! शेवटी गॅलरीवर तडजोड झाली. तिला खुर्ची दिली, वाचायला पेपर दिला, आणि भुसा आत... म्हणजे बाहेर... म्हणजे तिच्यावर उडू नये म्हणून दार लावून घेतलं.

मग घेतलं ड्रिल. पहिलं भोक पाडलं, तर ते प्लायवूडमधून आरपार जाऊन टेबलात. म्हटलं, असू दे, अंदाज आला. दुसरं पाडतोय तोच दारावर थाप. खालच्या मजल्यावरचे काका. दुपारची झोपमोड झाली म्हणून आले होते, कपाळावर आठ्या.

"काय चाललंय काय वर?"

मी आपला हसून म्हटलं, "काही नाही काका, घरच्या घरी केस करतोय."

आता माझं डोकं तुम्ही बघताय. लपवण्यासारखं त्यावर काही उरलेलं नाही. काकांनी आधी माझ्या टकलाकडं बघितलं, मग हातातल्या ड्रिलकडं बघितलं, परत टकलाकडं, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "ड्रिलनं?"

मी म्हटलं, "मग? भोकं पाडल्याशिवाय बसणार कसे?" मी स्क्रूबद्दल बोलत होतो हो! काका एक पाऊल मागं सरकले, म्हणाले, "डॉक्टरला तरी विचारायचं..." आणि जिना उतरून गेले. त्यानंतर तक्रार करायला काही आले नाहीत.

पण हे काहीच नाही. खरा घोळ फोननं केला.

हिचे वडील. स्वभावानं देवमाणूस, हळू बोलणार, कमी बोलणार. पण जन्म गेला कोर्टात. कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच रिटायर झाले. आता त्या माणसाच्या कानावर 'केस' पडलं की त्याच्या डोळ्यांपुढं काय येणार? प्लायवूड? शनिवारी दुपारी ते फोन करतातच. ही फोन घरी विसरून गेलेली. मी उचलला, स्पीकरवर टाकला, दातात स्क्रू, हातात करवत, डोक्यात फक्त काम.

"काय जावईबापू, काय चाललंय?"

"काही नाही, केस चाललीये."

"कसली केस?"

"अहो, हिची. साधी केस आहे, त्यात काय!"

"बाहेर कुणाचा सल्ला घेतलात?"

"बाहेर कशाला जायचं? बाहेरचे नुसते लुटतात. घरच्या घरीच उरकतोय."

"पण... असं झालं तरी काय एवढं?"

"आवाज हो! आवाज फार वाढलाय. दिवसभर आपली घरघर, घरघर. माणसानं सहन करायचं तरी किती?"

"तिला माहितीये हे?"

"तिला अजून काही बोललो नाही. बाहेर गेलीये ना, ती यायच्या आत संपवून टाकतो. सकाळीच सगळं वेगळं करून ठेवलंय."

"वेगळं केलंत?"

"करावंच लागतं बाबा. एकत्र ठेवून कसं जमणार?"

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मदर? तुमच्या मदरचं काय?"

आता मला सांगा, कॉम्प्युटर उघडून बसलेल्या माणसाला 'मदर' म्हटल्यावर काय आठवेल? मदरबोर्ड! ती मुख्य पाटी, जिच्यावर बाकीचं सगळं बसतं. मला तर कौतुक वाटलं, म्हटलं, या वयात केवढी माहिती! मी म्हटलं, "मदरला पहिली बाहेर काढली. किती वर्षांची धूळ बसली होती अंगावर. पुसून कोपऱ्यात ठेवलीये. हात लावताना तेवढं जपावं लागतं, नाही तर जाते."

"जाते?"

"एका झटक्यात."

ते एवढंच म्हणाले, "मी उद्या सकाळी येतो." मी म्हटलं, या की! मला वाटलं, माणसाला लाकूडकामाची हौस दिसतेय.

संध्याकाळी ही आली. दारातच उभी राहिली. टेबलावर तिचा कॉम्प्युटर तुकड्यातुकड्यांत, टेबलाला भोक, गॅलरीच्या काचेमागं आई पेपरनं वारा घेतेय. ही ओरडली असती तर परवडलं असतं. पण ही ओरडत नाही. पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्या सकाळी मला हा चालू पाहिजे." आणि आत गेली. मी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. पण मनाला म्हटलं, घाबरतोस काय, साधी केस आहे!

आणि इथं मी डोकं चालवलं. मूळ मुद्दा काय? आवाज. आवाज बाहेर येतो कुठून? भोकांतून. जुन्या केसला नुसती भोकंच भोकं, बाजूला जाळ्या, मागं फटी... त्या दाढीवाल्यानंसुद्धा जाळ्या ठेवल्या होत्या. मी म्हटलं, हा वेडा आहे. मी एकही ठेवली नाही. सोफ्याच्या एका उशीतला फोम काढला आणि आतून चारी बाजूंनी चिकटवला. वायरी बाहेर येतात तिथंही फोम कोंबला. आणि झाकणाला स्क्रू? छे! स्क्रू म्हणजे खडखड. झाकण गोंदानं चिकटवलं, वर आईच्या शिलाई मशीनचं वजन ठेवलं आणि झोपलो.

रविवारी सकाळी बटण दाबलं. चालू! आणि आवाज? शून्य. कान लावून बघितलं, काही नाही. हिनंसुद्धा कान लावला, आणि हसली हो ही. म्हणाली, "अरे, खरंच की." आणि खोलीचं दार लावून नकाशांवर बसली. त्या क्षणी मी काय होतो म्हणून सांगू... दाढी नव्हती एवढंच.

तेवढ्यात सासरे आले. हातात पिशवी, डोळे तांबारलेले. बसा म्हटलं तर नेमके उशी नसलेल्या जागी बसले, ते गुडघे पार छातीला लागेपर्यंत खाली गेले. गॅलरीकडं त्यांचं लक्ष गेलं. आई तिथंच बसली होती, आत अजून गोंदाचा वास म्हणून. त्यांनी तिला नमस्कार केला, तिनं काचेआडून केला. मग माझ्याकडं वळले.

"जावईबापू, घाई करू नका."

"घाई कुठली? रात्रभर वाळू दिलं."

"एकदा तुटलं की पुन्हा पहिल्यासारखं जुळत नाही हो."

"तुटायचा प्रश्नच नाही. जोड असा बसलाय की सुटता सुटणार नाही."

ते जरा गोंधळले. "दोघांनीही थोडं थोडं सोडलं तर..."

"सोडलंय ना! चारी बाजूंनी बोटबोट जागा सोडलीये."

"तिचं काही चुकलं असेल तर तिचा बाप म्हणून मी हात जोडतो," असं म्हणून त्यांनी खरोखर हात जोडले. मला वाटलं, जोडाचं ऐकून भारावले. मी म्हटलं, "अहो, राहू दे, राहू दे, एवढं काही नाही त्यात."

आणि आतून हिची हाक आली. हाक कसली... नुसतं माझं नाव, पण पूर्ण. मग, "बंद पडला!"

गरम झाला होता हो. चारी बाजूंनी फोम, वर झाकण, आत कोंडलेली हवा... आवाज पूर्ण बंद व्हायला पाहिजे होता ना? झाला. कॉम्प्युटरसकट. तो परत चालू होईना, आणि दवाखान्याचे नकाशे सगळे आत. उघडून वारा द्यावा तर झाकण गोंदानं बंद. ही बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, सरळ माझ्या हत्यारांच्या डब्याकडं गेली, मोठी हातोडी उचलली आणि वळली. मी नेमका मधे उभा.

तुम्हाला सांगतो, त्या वयाचा माणूस तसल्या सोफ्यातून इतक्या झटकन उठलेला मी पाहिला नाही. सासरे दोन्ही हात पसरून माझ्यापुढं उभे. "पोरी, हातोडी खाली ठेव. ठेव आधी. अजून तडजोड होऊ शकते."

"बाबा? तुम्ही कधी आलात? आणि तडजोड कसली? मला केस फोडायचीय."

"केस अशी फोडतात का? केस कोर्टात..."

"कोर्टात कशाला? ती काय टेबलावर आहे."

त्यांनी टेबलाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा त्या खोक्याकडं. "ही केस?" मी म्हटलं, "हीच. मी सांगितलं नव्हतं का फोनवर?"

ते हळूहळू खाली बसले आणि रडायलाच लागले हो. चष्मा काढून, लहान पोरासारखी मान खाली घालून. म्हणाले, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुझी आई जेवली नाही. मला वाटलं, माझ्या लेकराचं घर मोडलं." ही हातोडी हातात तशीच धरून त्यांच्या शेजारी बसली. आई गॅलरीतून आत आली, कुणी काही न सांगता त्यांच्यासाठी पाणी आणलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. माझं घर मोडलं म्हणून कुणी एवढं रडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण सोमवार थांबतोय होय? फोडली केस. म्हणजे फोडायला घेतली. हिनं घाव घातला, काही नाही. सासऱ्यांनी घातला, काही नाही. त्या गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा, म्हटलं होतं ना, जोड सुटणार नाही!" सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मी स्वतःच जाऊन करवत आणली. शेवटी सगळ्यांनी मिळून बाजू उचकटली, सामान काढून उघडंच टेबलावर मांडलं, वर घरातला टेबलफॅन फुल सोडला, आणि तो पडू नये म्हणून आई त्याला धरून बसली. कॉम्प्युटर चालू झाला. आवाज? आधीच्या तिप्पट. पण नकाशे शाबूत होते. ही त्या गोंगाटात कापूस कानात घालून बसली आणि सोमवारी दुपारच्या आत काम पाठवलं. डॉक्टरला आवडलं. भावाचंही काम आलं. गोड झालं सगळं.

मंगळवारी सासरे निघाले. मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो. जरा ओशाळलो होतो, म्हटलं, "बाबा, उगाच तुम्हाला त्रास झाला. गैरसमज झाला, दुसरं काही नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीसारखं हळू बोलले. म्हणाले, "जावईबापू, घटस्फोट असता ना, तर मी काहीतरी केलं असतं. ओळखी आहेत, समजुतीनं घेतलं असतं, मिटवलं असतं. पण हे तुम्ही जे करता ना..." जिन्याकडं बघितलं. "याला कायद्यात कलमच नाही."

आता बोला.