स्मारकावरचं तिसरं नाव

शहीद स्मारकाचं कौतुक मले सांगूच नका. आलापल्लीजवळच्या एका गावी स्मारकावरच्या पाच जवानांची माहिती लिहाले गेलो होतो. तिसऱ्या नावाच्या घरी दार वाजवलं, तर शहिदानंच उघडलं. मडावीभाऊ.

म्हणाले, "फौजेत गेलेल्यांची यादी मागतली होती. कमिटीनं सगळ्यांनाच शहीद कोरून टाकलं. पंधरा ऑगस्टले हारही मीच घालतो, बाकी कोणाले वेळ नसते."

मी तडक सरपंचाकडे गेलो. त्या दगडावर सगळ्यात मोठं नाव उद्घाटक म्हणून त्याचंच आहे. म्हटलं, "भाऊ, माणूस जिता आहे, नाव काढा."

तो चहा फुंकत म्हणाला, "चांगला दगड काऊन खराब करता? मडावी सत्तरीचे झाले. थोडं थांबा, आपोआप बरोबर होऊन जाईल."