पद्मजा मॅडमनी सलग केलेली पुस्तकं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या पद्मजा मॅडम आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

मी राजशेखर, मंगळवेढ्याचा. मला जन्मापासून दिसत नाही. आपल्या या सोलापूरच्या ध्वनिग्रंथालयात पुस्तकं ऐकून मी वकील झालो. पण सहा वर्षांपूर्वी, वकिलीची परीक्षा महिन्यावर आलेली, आणि ऐकताना वाक्यं मध्येच तुटू लागली. आम्ही दहा-बारा जण एकदम ऐकायला बसलो की हमखास! दुरुस्तीवाले दोनदा येऊन गेले. म्हणाले, "मशीन चांगलं हाय की. ह्यास्नी भास होत असंल."

संगणक विभागात मॅडम एकट्याच. त्यांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. "राजशेखर, कुठं तुटतंय ते सांगा. मी लिहून घेते."

तीन दिवस मी "हितं... आता हितं" म्हणत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "भास नाही हो. फक्त नवी पुस्तकं तुटतायत."

मला उमगलं तेवढं सांगतो. चार खोल्यांत चार पुस्तकांचं रेकॉर्डिंग एकाच वेळी चाले. येईल तो तुकडा संगणक पुढच्या मोकळ्या जागेत टाकी. एकेक पुस्तक डिस्कवर हजार ठिकाणी विखुरलेलं. गोळा करताना डिस्कची दमछाक. दुसऱ्या कुणीही नवं मशीन मागितलं असतं. मॅडमनी काय करावं? आपला संगणक जिच्यावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम खुली, कुणीही वाचावी अशी. त्यांनी तिचा कोडच वाचायला घेतला! फाइल वाढतेय असं दिसलं की तिच्यापुढची सलग जागा राखायची, काम संपलं की उरलेली सोडायची, एवढी दुरुस्ती. मग सगळी नवी पुस्तकं डिस्कवर पुन्हा उतरवली.

परीक्षेला नऊ दिवस असताना पुराव्याच्या कायद्याचं अख्खं प्रकरण मी एका दमात ऐकलं.

"तुटलं का कुठं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, बंद करू नका," मी म्हणालो.

ती दुरुस्ती त्यांनी सिस्टीम सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवली. लहान फाइलींसाठी जागा वाया जाते म्हणून दोनदा परत आली. ती उणीव काढल्यावर तिसऱ्यांदा स्वीकारली. आज कुठल्या कुठल्या देशांत ती चालते! सोलापुरात बसून हे कुणी केलं, कुणाला ठाऊक होतं? मॅडम बोलल्याच नाहीत.

परवा माझ्या संगणकानं मला त्या दुरुस्तीची मूळ नोंद वाचून दाखवली. बदल करणारी : पद्मजा. आणि खाली आणखी एक ओळ. दोष शोधणारा : राजशेखर, सोलापूर.

मी ती ओळ पाच वेळा वाचायला लावली.

मॅडम, आभार कोणत्या शब्दांत मानू? ग्रंथालयानं मला बोलू दिलं, त्याचाही ऋणी आहे. घड्याळ मला दिसत नाही. वेळ जास्त घेतला असेल, काही उणंअधिक गेलं असेल, तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या.