रशीदचाचाचं निंबाचं दार

कडुनिंबाची तारीफ माह्यासमोर करूच नका, बाप्पा! रिठदच्या आपल्या रशीदचाचानं वावरातल्या खोलीले निंबाचं दार बसवलं. म्हने, "लाकूड कडूजहर हाये, वाळवी तोंड बी लावत नाही."

खरंच नाही लावलं. तिनं तुराट्याच्या चारी भिंती खाल्ल्या. लोखंडी खांबावरचे टिनं आन चौकटीसकट दार तेवढं उभं राह्यलं.

काल आमी मोटर चालू कराले गेलो. लाइन जायची वेळ झालती, आन चाचा कुलपाची किल्ली घरी इसरला. मोटरचं बटन समोर दिसून राह्यलं.

मी म्हनलं, "चाचा, भिंतच नाही, बाजूनं जा न!"

चाचा भडकला. "मालकच असा शिरला, त चोर कायले कुलूप पाहीन?"

आन गावाकडं पळता पळता मलेच वरडला, "दारापाशी उभा राह्य! कोनी आत शिरलं नाही पाह्यजे!"