तेरा रन, एकच रेघ

स्थिर सर्किट कसं असतं ते मला विचारा! अंधेरीच्या ऑफिसात आम्ही ई-रिक्षाच्या चार्जरचं सर्किट कॉम्प्युटरवर तपासत होतो. तापमान शून्यापासून साठ डिग्रीपर्यंत, दर पाच डिग्रीला एक रन, म्हणजे एक चाचणी. असे तेरा रन झाले, आणि तेराही ग्राफ एकमेकांवर असे बसले की एकच रेघ दिसत होती.

बॉस खूश. "झकास! कितीही ऊन पडू दे, ढिम्म हलत नाही! कस्टमर येतोच आहे, त्याला हेच दाखवू."

मीही जाम भाव खात होते. तेवढ्यात आमचे सीनियर सावंत आले. त्यांनी ती रेघ बघितली आणि माझी फाईल शेवटपर्यंत खाली नेली. तिथे मीच सकाळी ट्रायलसाठी समोरच्या एसीवरचा आकडा टाकला होता. तापमान चोवीस. ती ओळ काढायची विसरले, आणि कॉम्प्युटर शेवटचाच आकडा धरतो. त्यामुळे तेराही रन चोवीसवरच झाले होते.

मी म्हणाले, "वाट लागली! आता कस्टमरला काय सांगायचं हो?"

सावंत शांतपणे म्हणाले, "सांग ना, चार्जर एकदम फिट आहे. फक्त रिक्षाला एसी बसवून घ्या."